जुन्या रायफलीची नवी अचूकता : फिनलंडमधील शस्त्रसुधारणेचा एक अध्याय (१९१८–१९४५)

शस्त्रास्त्रांच्या इतिहासात शोधाला जेवढे स्थान मिळते, तेवढे दुरुस्तीला मिळत नाही. एखादी नवी रायफल कोणी कल्पिली, तिचा स्वीकार कोणत्या साली झाला आणि कोणत्या युद्धात तिने कोणता पराक्रम केला, याची नोंद इतिहासकार आवर्जून करतात. परंतु लढाई संपल्यावर कोठारात पडून राहिलेली, नळी झिजलेली, दस्ता वाकडा झालेली जुनी रायफल पुन्हा नेमबाजीस योग्य कशी करण्यात आली, हा प्रश्न बहुधा कारखान्यातील मिस्त्रीवर सोपवून देण्यात येतो. वस्तुतः ज्या राष्ट्रांपाशी नवे शस्त्र घडविण्याइतके द्रव्य नव्हते, त्यांच्या दृष्टीने दुरुस्ती हाच शोध होता. फिनलंडने रशियन साम्राज्याच्या मागे राहिलेल्या रायफलींवर सुमारे पाव शतक जे परिश्रम घेतले, त्यांचा वृत्तांत या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे.

१. वारसा

१८०९ पासून फिनलंड हा रशियाच्या झारच्या आधिपत्याखालील एक स्वायत्त प्रदेश होता. रशियन राज्यक्रांतीच्या धामधुमीत, ६ डिसेंबर १९१७ रोजी, त्याने स्वातंत्र्य जाहीर केले. तथापि अवघ्या काही आठवड्यांत देश यादवी युद्धाच्या खाईत लोटला गेला. जानेवारी ते मे १९१८ या काळात ‘लाल’ व ‘पांढरे’ हे दोन पक्ष एकमेकांशी लढले आणि सेनानी मानरहाइम यांच्या नेतृत्वाखालील पांढऱ्या पक्षाचा जय झाला. या संघर्षात रशियन सैन्याच्या छावण्या व कोठारे यांतून हजारो रायफली हस्तगत झाल्या. नव्या राष्ट्राचे सैन्य उभे राहिले ते या शस्त्रांच्या बळावर. ज्या साम्राज्यापासून देश मुक्त झाला, त्याच साम्राज्याचा गरुड बहुसंख्य रायफलींच्या पोलादावर कोरलेला होता.

ही रायफल म्हणजे रशियाने १८९१ मध्ये स्वीकारलेली ‘मोसिन-नागां’. सर्गेई इवानोविच मोसिन हा रशियन लष्करी अधिकारी आणि लेओं नागां हा बेल्जियन शस्त्रकार, या दोघांच्या कल्पना तिच्यात एकत्र आल्या होत्या. तूला, इझेव्स्क व सेस्त्रोरेत्स्क येथील सरकारी कारखान्यांत ती तयार होई. आरंभी काही रायफली फ्रान्समधील शातेलरो येथे, तर पहिल्या महायुद्धात अमेरिकेतील रेमिंग्टन व वेस्टिंगहाउस यांच्याकडून बनवून घेण्यात आल्या होत्या. यंत्ररचना साधी, भक्कम आणि थंडीचिखलास दाद न देणारी होती. दोष होता तो नेमाच्या बाबतीत.

२. दोषांचे स्वरूप

अचूकपणा म्हणजे काय, हे प्रथम स्पष्ट करणे अगत्याचे आहे. एकाच नेमबाजाने एकाच ठिकाणी नेम धरून झाडलेल्या गोळ्या एकमेकींच्या किती जवळ लागतात, यावरून रायफलीचा अचूकपणा ठरतो. हा गुच्छ जितका लहान, तितकी रायफल विश्वसनीय. तो कोठे पडतो, हा प्रश्न नेमपट्टी सरकवून सोडविता येतो. परंतु गुच्छच विखुरलेला असेल, तर नेमबाजाचे सारे कौशल्य व्यर्थ ठरते.

रशियन पायदळाची रायफल लांबलचक होती. संगिनीशिवायच तिची लांबी सुमारे १.३० मीटर असे व एकट्या नळीची लांबी ८०० मिलिमीटर. रशियन पद्धतीत ती संगीन चढवूनच झाडावयाची असे आणि नेमही तसाच जुळविलेला असे. संगीन काढली की नळीच्या टोकावरील भार कमी होऊन गोळी भलतीकडे जाई. मागील नेमपट्टीवरील अंतरे ‘अर्शिन’ या जुन्या रशियन मापात कोरलेली होती. एक अर्शिन सुमारे ०.७१ मीटरचा, मीटरमध्ये अंतर मोजावयास शिकलेल्या फिनिश सैनिकास ती पट्टी निरुपयोगी होती. चापाची ओढ जड व खरखरीत होती. त्यातच महायुद्धातील वापराने व त्या काळच्या काडतुसांतील क्षारांच्या गंजाने अनेक नळ्यांच्या मळसूत्री खाचा झिजून गेल्या होत्या.

सर्वांत सूक्ष्म दोष लाकडाचा होता. गोळी सुटताना नळी वाद्याच्या तारेसारखी कंप पावते. तो कंप प्रत्येक वेळी एकसारखा झाला, तर गोळ्या एकाच जागी पडतात. परंतु नळी लाकडी आवरणाला कोठेतरी टेकली असेल, आणि ते लाकूड पावसात फुगून, उन्हात आटून, थंडीत पीळ खाऊन नळीवर कधी कमी, कधी अधिक दाब देत असेल, तर कंपाचे स्वरूप प्रत्येक दिवशी निराळे होते. सकाळी अचूक वाटलेली रायफल सायंकाळी दगा देते, याचे मूळ अनेकदा पोलादात नसून लाकडात असते.

३. नवी रायफल का नव्हे?

मग फिनलंडने नवी रायफल का घेतली नाही? याचे पहिले उत्तर अर्थातच द्रव्याभाव. यादवीने व दुष्काळाने खचलेल्या कृषिप्रधान देशास लक्षावधी नवी शस्त्रे विकत घेणे परवडणारे नव्हते. दुसरे कारण काडतुसांचे. रायफल बदलावयाची म्हणजे काडतुसांचा साठा, ती तयार करण्याची यंत्रे आणि त्याच काडतुसांवर चालणाऱ्या मशिनगन, हे सर्वच बदलणे आले. शिवाय संभाव्य शत्रू रशियाच असल्यामुळे त्याच्याकडून हस्तगत होणारी काडतुसे आपल्या रायफलीत चालावीत, हा विचारही महत्त्वाचा होता. तिसरे कारण असे की, पहिल्या महायुद्धात रशियन रायफली ज्या ज्या राष्ट्रांच्या हाती पडल्या होत्या, त्यांना त्या नकोशा झाल्या होत्या. त्यामुळे त्या स्वस्तात मिळू शकत होत्या.

या परिस्थितीतून एक विलक्षण धोरण आकारास आले. बोल्ट ज्यात सरकतो ते पोलादी घर, म्हणजे रिसीव्हर, हा रायफलीचा सर्वांत अवघड व खर्चिक भाग. फिनलंडने मोसिन-नागांसाठी तो कधीच बनविला नाही. जुना रिसीव्हर घ्यावयाचा आणि त्याभोवती नळी, लाकूड, नेमपट्टी, चाप यांची नवी मांडणी करावयाची, हे त्या धोरणाचे सूत्र होते. म्हणूनच ‘फिनिश’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रत्येक रायफलीच्या गाभ्यात तूला, इझेव्स्क, अमेरिका अशा परदेशी ठिकाणचे पोलाद असे.

४. संरक्षक दल व त्याची कार्यशाळा

या कार्यात पुढाकार घेतला तो खड्या सैन्याने नव्हे, तर ‘सुओयेलुस्कुन्ता’ या स्वयंसेवी संरक्षक दलाने. यादवीतील पांढऱ्या पक्षाच्या पथकांतून हे दल निर्माण झाले होते. शेतकरी, शिक्षक, कारकून असे नागरिक सुट्टीच्या दिवशी एकत्र जमून कवायत व नेमबाजी करीत. १९२१ ते १९४४ या दीर्घ काळात लाउरी मालम्बेर्ग हे त्याचे प्रमुख होते. नेमबाजीच्या स्पर्धा हा या दलाच्या जीवनाचा प्राण होता, आणि येथेच प्रस्तुत विषयाचे मर्म आहे. बराकीतील सैनिकास मिळेल ती रायफल चालवावी लागते; तो तक्रार करीत नाही व केल्यास कोणी ऐकत नाही. परंतु दर आठवड्यास लक्ष्यावरील छिद्रे मोजणारा स्पर्धक आपल्या शस्त्राचा प्रत्येक दोष ओळखतो आणि तो दूर व्हावा असा आग्रह धरतो. अचूक रायफलीची मागणी प्रथम क्रीडांगणावर निर्माण झाली.

ही मागणी पुरविण्यासाठी दलाने १९२१ मध्ये हेलसिंकी येथे स्वतःची दुरुस्ती-कार्यशाळा काढली. १९२७ मध्ये ती रीहिमाकी येथे गेली आणि पुढे ‘साको’ या नावाने जगप्रसिद्ध झाली. तथापि आरंभी नळी घडविण्याचे कौशल्य देशात नव्हते. म्हणून स्वित्झर्लंडमधील ‘सिग’ व जर्मनीतील कारखाने यांच्याकडून नळ्या मागविण्यात आल्या. या नळ्या मूळ रशियन नळीपेक्षा जाड होत्या. जाड नळी कमी कंप पावते व उशिरा तापते. मात्र जुनी संगीन बसावी म्हणून त्यांचे टोक तासून बारीक करावे लागले. ही १९२४ ची प्रतिकृती ‘लोट्टा’ रायफल म्हणून ओळखली जाते, कारण तिच्यासाठी निधी जमविण्यात ‘लोट्टा स्वार्द’ या महिलासंघटनेचा हातभार होता. ज्या सुधारणेसाठी गृहिणींनी निधी गोळा केला, ती केवळ तांत्रिक बाब मानता येत नाही.

५. सुधारणेचे टप्पे

खड्या सैन्याने १९२७ मध्ये स्वतःची प्रतिकृती स्वीकारली. टिक्काकोस्की येथील कारखान्याने तिच्या नळ्या बनविल्या. नळीची लांबी ६८५ मिलिमीटरवर आणली गेली व तिची जाडी वाढविण्यात आली. पुढील माशीच्या दोन्ही बाजूंना कानांसारखी संरक्षक पाती आली; त्यावरून या घाटाच्या रायफलींना ताठ कानांच्या फिनिश कुत्र्याचे, म्हणजे ‘पिस्तिकोर्वा’ हे नाव पडले. परंतु काटकसरीने येथे दगा दिला. जुने रशियन दस्ते कापून व जाड नळीसाठी पोखरून वापरल्यामुळे पुढील लाकूड दुर्बल झाले आणि संगिनीच्या कवायतीत ते मोडू लागले. पुढील पट्टा मजबूत करणे भाग पडले.

संरक्षक दलाने १९२८ मध्ये स्वीकारलेल्या आपल्या प्रतिकृतीत पुढील पट्टा अधिक भक्कम केला. तिच्या पहिल्या नळ्या पुन्हा ‘सिग’च्याच होत्या, पुढे त्या टिक्काकोस्की व साको येथे बनू लागल्या. दहा वर्षांच्या आत, आयात केलेली कला देशात रुजली. यानंतरची १९२८–३० ही प्रतिकृती सुधारणेचा खरा कळस मानली जाते. तिच्यात मागील नेमपट्टी सर्वस्वी नव्याने आखलेली व मीटरमध्ये अंकित केलेली होती. चापाची ओढ सुधारण्यात आली. काडतुसे अडकू नयेत म्हणून पेटीची रचना बदलण्यात आली आणि अशा पेटीवर ‘बिनअडथळ्याची’ या अर्थाच्या फिनिश शब्दाची ‘एच.व्ही.’ ही आद्याक्षरे उमटविण्यात आली. नळी लाकडातून जेथे बाहेर पडते तेथे धातूची बाही बसविण्यात आली, जेणेकरून फुगणाऱ्या लाकडाचा अनियमित दाब नळीवर येऊ नये. रिसीव्हर व लाकूड यांच्यामध्ये पातळ धातूच्या चकत्या घालून तो डळमळणार नाही अशी बैठक साधण्यात येई. बाहेरून न दिसणाऱ्या या चकत्यांचे मोल चकचकीत नळीपेक्षा कमी नव्हते.

काडतुसांकडेही दुर्लक्ष झाले नाही. लापुआ येथील सरकारी काडतूस-कारखान्याने १९३० नंतरच्या दशकात ‘डी-१६६’ ही सुमारे १३ ग्रॅम वजनाची, मागील बाजूस निमुळती गोळी सिद्ध केली. जड व निमुळती गोळी हवेतील वेग उशिरा गमावते व दूरवर आपला मार्ग राखते. १९३७ मध्ये हेलसिंकी येथे जागतिक नेमबाजी स्पर्धा भरल्या, तेव्हा लष्करी रायफलीच्या स्पर्धेत हीच १९२८–३० ची प्रतिकृती वापरण्यात आली. सेहेचाळीस वर्षांपूर्वीच्या आराखड्याचे शस्त्र जगातील नेमबाजांच्या हाती निःसंकोचपणे देता आले, हीच त्या परिश्रमांची पावती होय.

६. स्पर्धा, ऐक्य आणि विलंब

येथवरच्या वृत्तांतावरून सारे काही सुरळीत झाले असा ग्रह होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नव्हती. सैन्य व संरक्षक दल यांच्या प्रतिकृती निरनिराळ्या होत्या. सुटे भाग सर्वस्वी एक नव्हते. लहानशा देशात दोन संस्थांनी एकाच जुन्या रायफलीची दोन प्रकारे सुधारणा करावी, हा अपव्ययच होता. अखेर दोघांनी मिळून १९३९ ची प्रतिकृती सिद्ध केली. तिच्या नळीचा अंतर्व्यास ‘डी-१६६’ गोळीस जुळेल असा किंचित वाढविण्यात आला. दस्त्याला हाताची पकड येईल असा बाक देण्यात आला. तिचे लाकूड अनेकदा एकसंध नसे. बोटांत बोटे गुंतवावीत तसे दोन तुकडे सांधून ते तयार केलेले असे. त्यामुळे आखूड लाकूडही उपयोगी पडे व पीळही कमी बसे. नेमबाजीचे शौकीन माजी राष्ट्राध्यक्ष स्विनहुफवुद यांच्या टोपणनावावरून सैनिक तिला ‘उक्को-पेक्का’ म्हणू लागले.

परंतु हे ऐक्य उशिरा आले. ३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएट सैन्याने आक्रमण केले, तेव्हा नवी प्रतिकृती आघाडीवर जवळजवळ नव्हतीच. अनेक सैनिकांच्या हाती साधी १८९१ ची रायफल होती. कित्येकांना गणवेशही मिळाला नव्हता. टोपीवरील चिन्ह व कमरपट्टा यांवरच ते रणात उतरले आणि तत्कालीन पंतप्रधानांच्या नावाने या वेषाला ‘काजांडर नमुना’ असे उपहासाने म्हणू लागले.

७. युद्धाची कसोटी

हिवाळी युद्ध १३ मार्च १९४० रोजी संपले. या युद्धाचे वर्णन करताना सिमो हायहा या नेमबाजाचा उल्लेख हटकून होतो. सीमेजवळील रौत्यार्वी येथील हा शेतकरी संरक्षक दलात तयार झालेला होता. कोल्ला आघाडीवर दुर्बिणीचा आधार न घेता, साध्या नेमपट्टीच्या १९२८–३० च्या रायफलीने त्याने लढा दिला. त्याच्या नावावर पाचशेहून अधिक शत्रुसैनिकांचा आकडा सांगितला जातो. नेमक्या संख्येविषयी मतभेद असले, तरी त्याच्या कौशल्याविषयी नाहीत. ६ मार्च १९४० रोजी तो जबर जखमी झाला, परंतु वाचला व २००२ पर्यंत जगला.

तथापि या उदाहरणावरून रायफलीच्या अचूकपणाने देश राखला, असा निष्कर्ष काढणे युक्त होणार नाही. त्या युद्धातही निर्णायक भार तोफा, मशिनगन, भूप्रदेश, हिम आणि सेनापतींची योजना यांवर होता. तोफगोळ्यांच्या टंचाईची उणीव कोणतीही रायफल भरून काढू शकत नव्हती. तहान्वये व्हीबोर्गसह कारेलियाचा मोठा प्रदेश फिनलंडला गमवावा लागला. अचूक रायफलीचे खरे महत्त्व निराळे होते. ज्याच्यापाशी काडतुसे थोडी आहेत, त्याला प्रत्येक काडतुसाचा हिशेब द्यावा लागतो. सुधारलेल्या नळीने व पट्टीने तो हिशेब शक्य केला, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, स्पर्धांतून शिकलेला नागरिक आपल्या शस्त्रावर विश्वास ठेवू शकला.

या विश्वासाला एक काळी बाजूही होती. संरक्षक दल हे यादवीतील एका पक्षाचे अपत्य असल्यामुळे कामगारवर्गातील पराभूतांना ते परकेच वाटत राहिले. ज्या रायफलीचा गौरव एका घरात होई, तीच शेजारच्या घरात १९१८ ची आठवण जागवी. समाजवादी लोकशाही पक्ष व संरक्षक दल यांच्यात समेट झाला तो १९४० मध्ये, शत्रू दाराशी आल्यावर. शस्त्राची नळी बदलण्यास काही तास पुरतात. ते धारण करणाऱ्या समाजाची फाळणी बुजविण्यास बावीस वर्षे लागली.

८. निवड आणि पुनर्रचना

तुलनेसाठी ब्रिटनचे उदाहरण घेणे इष्ट होईल. भारतीय पोलीस दलांच्या हाती अनेक दशके राहिल्यामुळे महाराष्ट्रातील वाचकास ‘थ्री नॉट थ्री’ म्हणून परिचित असलेल्या ली-एन्फील्ड घराण्यातील चार क्रमांकाच्या रायफलीला दुसऱ्या महायुद्धात लक्ष्यभेदकाची रायफल बनविण्यात आले. त्यासाठी ब्रिटनने अवलंबिलेला मार्ग निवडीचा होता. चाचणीत अधिक अचूक ठरलेल्या रायफली बाजूला काढून १९४२ पासून लंडनच्या ‘हॉलंड अँड हॉलंड’ या शस्त्रकारांकडे पाठविल्या जात. तेथे लाकडाची बैठक हाताने जुळवून दुर्बीण बसविली जाई. १९७० नंतर अशाच जुन्या रायफलींना ७.६२ मिलिमीटरची जाड नळी बसवून त्यांचे आयुष्य आणखी वाढविण्यात आले. लाखो रायफली निर्माण करणाऱ्या साम्राज्याला निवड परवडते. मोजकीच शस्त्रे असणाऱ्या राष्ट्राला मात्र सामान्य रायफलच उत्तम करावी लागते. ब्रिटनने काही हातांना उत्कृष्ट शस्त्र दिले. फिनलंडने अनेक हातांना चांगले शस्त्र देण्याचा प्रयत्न केला.

९. उत्तरकाल

१९४४ च्या सप्टेंबरात सोव्हिएट रशियाशी युद्धविराम झाला आणि त्याच वर्षी संरक्षक दल व लोट्टा संघटना विसर्जित करण्यात आल्या. साको कारखाना जप्त होऊ नये म्हणून तो फिनिश रेड क्रॉसच्या स्वाधीन करण्यात आला. १९३९ च्या प्रतिकृतीच्या सुमारे एक लाख रायफली तयार झाल्या. त्यांची मुख्य निर्मिती १९४५ मध्ये थांबली. परंतु जुने रिसीव्हर टाकून देण्यात आले नाहीत. १९८५ मध्ये त्यांतून निवडलेल्या घरांना नव्या जाड नळ्या, नवे दस्ते व दुर्बिणी जोडून फिनिश सैन्याने लक्ष्यभेदकाची रायफल सिद्ध केली. त्यांतील काही रिसीव्हर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातील होते. झारच्या कारखान्यातून निघालेले पोलाद जवळजवळ एका शतकानंतर पुन्हा सेवेत रुजू झाले.

या वृत्तांतातून निघणारा निष्कर्ष असा की, रायफलीचा अचूकपणा हा तिच्या मूळ आराखड्यात कायमचा कोंडलेला गुण नाही. नळी, लाकूड, नेमपट्टी, चाप व काडतूस यांच्या परस्परसंबंधातून तो निर्माण होतो आणि यांपैकी एकही दुवा ढिला राहिला, तर उरलेल्या चारांवरील खर्च वाया जातो. फिनिश कारागिरांना हे ज्ञान एका दिवसात झाले नाही. १९२४ मध्ये त्यांनी नळी बदलली, १९२७ मध्ये लाकडाने त्यांना धडा शिकविला, १९३० च्या सुमारास त्यांनी नेमपट्टी व चाप सुधारले आणि त्यानंतर गोळीस अनुरूप नळी बनविली. प्रत्येक टप्प्यावर लक्ष्यावरील छिद्रे मोजणारे नागरिक त्यांच्या कामाचे परीक्षक होते. दरिद्री राष्ट्राची शस्त्रविद्या केवळ कारखान्याच्या नोंदवह्यांतून समजत नाही. ती वापरणाऱ्या माणसांचा, त्यांच्या संघटनांचा आणि त्यांच्यातील दुहीचाही इतिहास तिच्याबरोबर वाचावा लागतो.